दळण, जळण, पाणी

ज्वारीचं पीठ फार दिवस टिकत नाही. ते जुनं झालं की त्याची विरी जाते. मग कितीही कोमट पाण्यात मळलं तरी भाकरी थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकताना ती मधोमध मोडते. विसाव्या शतकाच्या मध्याला देशावर, मराठवाड्यात, खानदेशात घरोघरी दोन्ही वेळा भाकरी होती. म्हणजे ताजं पीठ हवंच, आणि जात्यावर एका बैठकीत निघायचं ते एका-दोन दिवसांपुरतंच. आठ-दहा माणसांच्या घराला रोज पायलीभर तरी ज्वारी किंवा बाजरी दळावी लागे. त्यासाठी घरातली बाई कोंबडं आरवायच्या आधी उठे आणि उजाडायच्या आत दीड-दोन तास जात्यापाशी बसे. त्यानंतर तिचा दिवस सुरू होई.

त्या काळातल्या गावचा इतिहास लिहिताना जमीन, पीकपाणी, सावकार, सहकारी सोसायट्या आणि निवडणुका यांच्याबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. घराच्या आतल्या यंत्रांबद्दल फार कमी लिहिलं गेलं. जातं, चूल, उखळ, पाटा-वरवंटा, ताकाचा डेरा आणि रवी ही सगळी यंत्रंच होती. फरक इतकाच की ती चालवायला माणसाचा, आणि बहुतेक वेळा बाईचा, खांदा आणि मनगट लागत असे. १९४० ते १९७५ या तीन-साडेतीन दशकांत या यंत्रांपैकी काही बदलली, काही मुळीच बदलली नाहीत. कोणतं आधी बदललं आणि कोणतं मागे राहिलं, हे नीट पाहिलं तर गावाने आणि सरकारने कोणाच्या कष्टांना किती मोल दिलं ते कळतं.

जात्याची रचना साधी. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता, मधोमध खिळा, वरच्या दगडाच्या कडेला लाकडी खुंटा. एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्या हाताने तोंडात मूठ-मूठ घास टाकायचा. घास जास्त पडला तर पीठ जाडं येतं, कमी पडला तर दगडावर दगड घासून पिठात कच येते. दळून दळून दगड गुळगुळीत झाला की जातं दळेनासं होई. मग छिन्नी-हातोडी घेऊन दारोदार फिरणाऱ्या पाथरवट आणि वडार बाया दगडाला टाकी लावून देत आणि मोबदल्यात धान्य घेऊन जात. कोकणात भाताचं गणित वेगळं होतं. तिथे घिरटावर भात भरडायचं आणि मग जमिनीत पुरलेल्या वायनात मुसळाने सडायचं. जातं ओढताना निदान बसता येई. कांडण उभ्याने चाले.

जात्यावर ओव्या होत. माहेर, भाऊ, सासुरवास, विठोबा, मुलाबाळांचं कौतुक, दुष्काळ, पुढे गांधी आणि आंबेडकरसुद्धा त्यांत आले. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये अशा ओव्यांचा मोठा संग्रह केला. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करता करता सुचलेलं त्यांचं काव्य त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह छापून आलं. नेमक्या त्याच सुमारास, ज्या जात्यावर ही कविता वाढली त्या जात्याचे दिवस भरत आले होते.

ते संपवलं गिरणीने. पिठाच्या गिरण्या बाजारपेठेच्या गावांत आधीपासून होत्या, पण त्यांची इंजिनं बहुतेक परदेशी आणि महाग. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी सुरू झाली आणि देशी डिझेल इंजिन खेड्याच्या आवाक्यात यायला लागलं. विजेची वाट पाहायची गरज उरली नाही. एक इंजिन, एक पट्टा, एक दगडी चक्की आणि पत्र्याची शेड एवढ्यावर गिरणी उभी राही. इंजिनाचा ‘पुक् पुक्’ आवाज शिवारापर्यंत ऐकू येई आणि गिरणी चालू आहे की बंद, ते घरबसल्या कळे. बाया डोक्यावर दळणाची पाटी घेऊन निघत. ज्या कामाला पहाटेचे दोन तास जात, ते दहा-पंधरा मिनिटांत होऊन पीठ गरमागरम हातात येई.

गिरणी कोणत्याही योजनेतून आली नाही, ती धंदा म्हणून आली. उलट, ग्रामसुधारणेच्या मोठ्या चळवळीचा तिला विरोध होता. १९३४ साली वर्ध्याला अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. गांधीजींच्या प्रेरणेने, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे हातदळणाचं पीठ आणि हातसडीचे तांदूळ यांचा आग्रहाने प्रचार होई. त्यामागचा विचार खरा होता. गिरणीत पॉलिश केलेल्या तांदळाचा कोंडा जातो, त्याबरोबर सत्त्व जातं आणि दळण-कांडण करून पोट भरणाऱ्या गरीब विधवांचा रोजगारही जातो. पण स्वतःचं दळण स्वतः दळणाऱ्या बाईचं मत वेगळं होतं, आणि ते तिने पायाने चालत जाऊन गिरणीच्या रांगेत नोंदवलं. दळणाचे पैसे देता येत नव्हते अशी घरं मात्र पुढची कित्येक वर्षं जात्यालाच बांधलेली राहिली. गावात जातं कोणाच्या घरी अजून रोज फिरतं, यावरून त्या घराची गरिबी ओळखू येऊ लागली.

ऐंशीच्या दशकापासून समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगावच्या बायकांना पुन्हा जात्यापाशी बसवून ओव्या टिपायला सुरुवात केली. महाराष्ट्रातल्या एक हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. गाणाऱ्या बहुतेक जणींचं रोजचं दळण तोवर सुटलेलं होतं. त्यांना ओव्यांची हळहळ होती, पण पहाटेच्या त्या कष्टांकडे परत जायची इच्छा फार थोड्यांना असेल.

दळण सुटलं, जळण सुटलं नाही.

चूल घरची बाईच घाले. चिकणमाती, शेण, भुसा एकत्र मळून, तीन बाजूंनी उंचवटा, पुढे तोंड, शेजारी वैल. मोठ्या आचेवर भाकरी किंवा भात आणि वैलावर, उरलेल्या धगीवर, आमटी किंवा दूध. रात्री निखारे राखेत झाकून ठेवायचे, सकाळी फुंकणीने पुन्हा फुलवायचे. आगपेटीची काडी वाचली तेवढी वाचली. रोज चूल सारवायची. जळण प्रदेशागणिक बदले. विदर्भात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुरीच्या तुराट्या, कोकणात रानातला पाला-काटक्या आणि नारळाच्या झावळ्या, देशावर बाभळीच्या फांट्या आणि शेणाच्या गोवऱ्या. गोवऱ्या थापणं, वाळवणं, पावसाळ्यासाठी त्यांचा हुडवा रचून वरून लिंपून ठेवणं ही उन्हाळ्यातली कामं. तेच शेण शेतालाही हवं असे, आणि घराच्या जमिनीलाही. जमीन सारवायची, कणगी लिंपायची, भिंत लिंपायची, चूल पेटवायची. एका गोठ्यावर इतकी कामं अवलंबून होती.

धुराचा प्रश्न त्या काळातल्या जाणत्या माणसांना दिसत नव्हता असं नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत ‘मगन चूल’ तयार झाली. धूर बाहेर नेणारं नळकांडं असलेली ती मातीचीच चूल होती. मराठवाडा तेव्हा ज्या हैदराबाद राज्यात होता, तिथल्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू यांनी अशीच एक बिनधुराची चूल विकसित केली आणि १९५३ मध्ये ती कशी बांधावी याची पुस्तिका काढली. एकाच जाळावर ओळीने दोन-तीन भांडी आणि शेवटी धुराडं. १९५२ मध्ये सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाल्यावर अशा सुधारलेल्या चुली खेड्यांतल्या बायकांपुढे मांडल्या जाऊ लागल्या.

तरी जुनी चूल हटली नाही, आणि त्याचं एक कारण पुन्हा भाकरीच होतं. भाकरी तव्यावर अर्धीच होते. पापुद्रा सुटून ती टम्म फुगायची तर तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी, निखाऱ्यांसमोर, आराला लावावी लागते. बिनधुराच्या चुलीचं तोंड लहान, आत जाळ बंदिस्त. तिथे भाकरी शेकायला जागाच नाही. शिवाय धुराडं काजळीने तुंबे आणि ते साफ करायला छपरावर चढावं लागे. ठरावीक मापाच्या भोकांवर घरातली लहान-मोठी भांडी नीट बसत नसत. ज्याचा त्रास होता त्या धुराचे उपयोगही होते. छपराच्या गवताला आणि वाशांना कीड लागत नसे, चुलीवर टांगून ठेवलेली बियाण्याची कणसं पुढच्या पेरणीपर्यंत टिकत, डास कमी होत. चूल सुधारणाऱ्यांनी जळणाची आणि धुराची काळजी केली होती. भाकरी कशी भाजतात हे त्यांनी ती भाजणारीला विचारून ठरवलं असतं, तर त्या चुलीचं रूप वेगळं झालं असतं.

कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी दुसरी वाट धरली. गांधीजींच्या या सहकाऱ्याने भंगीमुक्ती आणि ग्रामसफाईला आयुष्य वाहिलं. १९४८ मध्ये सुरू झालेल्या गोपुरीत त्यांनी कमी खर्चाचे संडास बनवले, आणि मैला व शेण कुजवून त्याचा गॅस स्वयंपाकाला वापरण्याचे प्रयोग केले. पुढे साठच्या दशकात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने गोबरगॅसचा देशभर प्रसार केला. शेण जाळायचं की शेतात घालायचं, हा जुना पेच त्याने सुटत होता: आधी गॅस, मग उरलेला रबडा खत म्हणून. अडचण एकच होती. लहानशा संयंत्रालाही चार-पाच जनावरांचं शेण लागे, आणि एवढी जनावरं असलेली घरं गावात मोजकी.

उजेडाची कथा औंध संस्थानात सुरू होते. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या या छोट्या संस्थानाने दोन कारखान्यांना आसरा दिला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि तिथे लोखंडी नांगर व कडबा कापायची यंत्रं होऊ लागली. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंचा काच कारखाना उभा राहिला. त्यांचा ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या खेड्यांत इतका पोचला की कंदील म्हटलं की प्रभाकर, असं समीकरण झालं.

कंदील घराघरात असला तरी तो रात्रभर जळत नसे. रॉकेल विकत आणावं लागे, दुसऱ्या महायुद्धात ते रेशनवर गेलं आणि त्यानंतरही त्याची टंचाई वरचेवर होई. म्हणून स्वयंपाकघरात पत्र्याची किंवा बाटलीची चिमणी, देवाजवळ गोड्या तेलाची पणती आणि कंदील ओसरीवर, पुरुषमाणसं बसतील तिथे किंवा अभ्यास करणाऱ्या मुलापुढे. रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेने किंवा कागदाने पुसणं, वात कातरणं हे पोरींचं काम. लग्नाला, जत्रेला, तमाशाला पेट्रोमॅक्सची बत्ती भाड्याने आणत. ती पेटवायचं कसब असलेला एखादाच माणूस गावात असे आणि त्या रात्री त्याला मोठा मान मिळे.

१९५१ मध्ये देशातल्या साडेपाच लाखांहून अधिक गावांपैकी सुमारे तीन हजार गावांत वीज होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं, त्याच वर्षी राज्य वीज मंडळ स्थापन झालं. १९६२ पासून कोयनेची वीज मिळू लागली. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ आलं आणि खेड्यांकडे तारा वेगाने निघाल्या. पण त्या तारा आधी गेल्या विहिरींवर. मोट सुटून पंप बसावा, धान्य वाढावं, हा त्या धोरणाचा गाभा होता, आणि सतत धान्यटंचाई भोगणाऱ्या देशात तो समजण्यासारखाही होता. मात्र गाव मोजण्याची रीत पाहण्यासारखी आहे. गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली जात असेल तर ते गाव विद्युतीकरण झालेलं मानायचं, ही व्याख्या १९९७ पर्यंत चालली. शिवारातल्या एका विहिरीवर मोटर फिरली की सरकारी कागदावर गावात वीज आली. त्या विहिरीच्या मालकाच्या घरी चुलीपाशी चिमणीच जळत असली तरी आकडा बदलत नसे.

घरातली भांडीही याच काळात बदलली. त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’त जी बलुतेदारी वर्णिली, तिच्या हिशोबात कुंभार वर्षभर गाडगी-मडकी, रांजण, परळ, झाकण्या पुरवत असे आणि खळ्यावर धान्याचं बलुतं घेत असे. सुताराकडून काठवट आणि रवी, लोहाराकडून विळी आणि तवा. धान्य कणगीत, बळदात किंवा जमिनीखालच्या पेवात. डाळी, मीठ, मिरची मडक्यांच्या उतरंडीत. तांब्या-पितळेची भांडी लग्नात आलेली, आणि अडीअडचणीला गहाण टाकायची ठेवही तीच. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली, तालुक्याचा बाजार जवळ आला आणि ‘जर्मन’ची, म्हणजे ॲल्युमिनियमची, भांडी घरात शिरली. ती हलकी, न फुटणारी, कल्हई न लागणारी. रॉकेलचा चौकोनी डबा कापून पाणी तापवायला, डालड्याचा डबा पिठामिठाला. कुंभाराचं बलुतं एकेका भांड्याने कमी होत गेलं.

रेडिओ आला तो घरात नव्हे, चावडीत. १९५३ मध्ये पुणे आकाशवाणी सुरू झाली. १९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत एक प्रयोग झाला. सामुदायिक रेडिओभोवती गावकरी आठवड्यातून दोनदा जमत, शेतीचे कार्यक्रम ऐकत आणि त्यावर चर्चा करत. या शेतकरी मंडळांचा अभ्यास जगभर गाजला आणि त्या नमुन्यावर देशात पुढे हजारो मंडळं निघाली. संध्याकाळच्या त्या वेळी गावातल्या बाया चुलीपुढे होत्या. ट्रान्झिस्टर स्वस्त होऊन घरात येईपर्यंत रेडिओ हा मुख्यतः पुरुषांचाच राहिला.

पाण्याइतकं कष्टाचं दुसरं काम नव्हतं. वाड्यात आड असलेली घरं थोडी. बाकीच्यांना गावविहीर, ओढा, नदीतला झरा. रहाटावरून पोहरा ओढायचा, हंडा-कळशी भरायची, डोक्यावर चुंबळ ठेवून एकावर एक चढवायची आणि रांजण भरेपर्यंत खेपा घालायच्या. उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसू लागला की आत उतरून वाटीने पाणी भरावं लागे.

आणि विहीर सगळ्यांची नव्हती. महारवाड्यातल्या, मांगवाड्यातल्या बायकांना गावविहिरीला हात लावता येत नसे. दूर उभं राहून कोणीतरी वरून पाणी घालेल याची वाट पाहायची, नाहीतर वेगळ्या, बहुधा लवकर आटणाऱ्या पाणवठ्यावर जायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्या तळ्याच्या हक्काचा निकाल उच्च न्यायालयातून लागायला १९३७ साल उजाडलं. राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, १९५५ च्या कायद्याने पाणवठ्यावर अडवणं गुन्हा ठरवलं, तरी गावोगावच्या विहिरी पुढे बराच काळ वेगवेगळ्याच राहिल्या. बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ आणि दया पवारांचं ‘बलुतं’ वाचलं की कळतं, गावातल्या घराचं सरसकट वर्णन करताना किती घरं त्यातून सुटून जातात.

१९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या. लोक खडी फोडायला गेले, सुकडी आणि अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो खाऊन जगले. कठीण काळ्या पाषाणाखालचं पाणी काढायला बोअरचा मार्ग होता, पण वर बसवलेले हातपंप सारखे बंद पडत. ते ओतीव लोखंडाचे पंप परदेशातल्या एका कुटुंबाच्या अंगणासाठी बनवलेल्या नमुन्यावरचे होते. इथे एकेका पंपावर शेकडो माणसं दिवसभर पाणी उपसत. यावर तोड निघाली ती महाराष्ट्रातच. जालन्यात पाण्याचं काम करणाऱ्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनने पोलादाचा मजबूत ‘जालना पंप’ बनवला. त्यात सुधारणा होत ‘सोलापूर पंप’ आला. त्याच्याच आधारावर युनिसेफच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ हा पंप तयार झाला, आणि तो भारतातच नाही तर आफ्रिकेतल्या खेड्यांतही गेला. पाणी घरात आलं नाही, पण वस्तीजवळ आलं, आणि ते तोंड झाकलेल्या बोअरमधून स्वच्छ येऊ लागलं.

दळण गिरणीत गेलं, पाणी हातपंपावर आलं, दिव्याची तार खांबावरून घरापर्यंत पोचली. सर्वांत शेवटी बदलली चूल. बर्मा शेल कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत स्वयंपाकाचा गॅस विकायला सुरुवात केली. गरीब घरांतल्या बायकांच्या नावे गॅसजोडणी देणारी उज्ज्वला योजना सुरू झाली १ मे २०१६ ला. मधली एकसष्ट वर्षं खेड्यातली बहुसंख्य घरं लाकूड, पऱ्हाट्या आणि गोवऱ्या जाळत होती. आजही महाराष्ट्रातल्या अनेक गावांत ओट्यावर गॅसची शेगडी आणि परसात चूल अशी दोन्ही असतात. सिलिंडर पुरवून वापरायचं म्हणून अंघोळीचं पाणी परसात तापतं, भाकरीही बऱ्याच घरी तिथेच आराला लागते, आणि त्या चुलीचं जळण अजूनही बहुतेक बाईच गोळा करते.